हाल झाले की हाल केले?

दलित साहित्याच्या समीक्षेनं आपल्या हातात तीन शब्द दिले. वेदना, विद्रोह, नकार. पन्नास वर्षं आपण ते झेंड्याच्या काठीसारखे धरून चालतोय. त्यातला विद्रोह भाषणात जातो, नकार घोषणेत जातो आणि कवितेला उरते नुसती वेदना. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात चौदा एप्रिलच्या मागंपुढं जी कविसंमेलनं होतात, त्यांत एकदा शेवटच्या सतरंजीवर बसून ऐका. गटारात गुदमरून मेलेल्या माणसाची वेदना. पोरीनं नाही म्हटलं त्याची वेदना. गावकुसाची वेदना. खोलीचं भाडं थकल्याची वेदना. एकच शर्ट अख्ख्या वस्तीनं आळीपाळीनं घालावा तसं या शब्दाचं झालंय. कुणाच्याच अंगाला तो धड बसत नाही.

माझा आक्षेप दुःखाला नाही. ते खोटं आहे असं म्हणायला आता सदाशिव पेठेतला समीक्षकही धजत नाही. आक्षेप शब्दाला आहे. दुःखाच्याही जाती असतात आणि एकेकीला वेगळा शब्द असतो. त्या शब्दाच्या पोटात बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट असते: हे दिलं कुणी? काही शब्द देणाऱ्याचं नाव सांगतात, काही त्याला पाठीशी घालतात. वेदना म्हटलं की देणारा गायब. उरतो फक्त कण्हणारा.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते इंग्रजी शब्दांमुळे. आपली पोरं स्पर्धा परीक्षेला बसतात, समानार्थी शब्दांच्या याद्या घोकतात. सफरिंग, हार्डशिप, डिस्ट्रेस, मिझरी, ट्रबल, अँग्झायटी, वरी. पुढं मराठीत दोनच अर्थ छापलेले, दुःख आणि चिंता. झालं काम. पण समानार्थी म्हंजे काय? फौजदार आणि पाटील दोघंही काठीवालेच, म्हणून काय ते समानार्थी झाले? काठी कुणाच्या पाठीत बसते त्यालाच फरक कळतो.

आमच्या गिरणीच्या गेटवर मागं एक इंग्रजी नोटीस लागली होती. कंत्राटी माणसांनी उद्यापासून येऊ नये, असा मामला. खालच्या ओळीत, कामगारांना होणाऱ्या हार्डशिपबद्दल खेदही होता. मला इंग्रजी येतं असा खात्यात समज आहे, म्हणून मला पुढं ढकललं. मी सांगितलं, आपले हाल होणारेत, त्याचं त्यांना वाईट वाटतंय. वाइंडिंगचे एक मामा, शाळा चौथीपर्यंत, शांतपणे म्हणाले, "होणारेत, का करणारेत?"

एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या जाड पुस्तकात वाचलेली नाही. मराठीत हाल होतातही आणि हाल करतातही. त्रास होतो आणि त्रास देतात. क्रियापद बदललं की आरोपी उभा राहतो. छळाचं तर विचारूच नका. छळ पावसासारखा आपोआप पडत नाही, तो कुणीतरी करावाच लागतो. इंग्रजी हार्डशिपला मात्र ही सोय नाही. त्यातली शिप म्हंजे जहाज नव्हे, फ्रेंडशिपच्या शेपटाला असते ती. तिचा अर्थ अवस्था. हार्डशिप म्हंजे कठीण अवस्था. ती येते, ती सोसायची, पार पाडायची. तिच्यामागं माणूस दिसत नाही. म्हणूनच नोटिशीत तो शब्द असतो. ऑप्रेशन हा शब्द नोटिशीत कधी पाहिलाय? त्यात दाबणारा हात लगेच दिसतो.

सफरिंग या दोघांच्या मधलं आहे. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ खालून वाहणं. डोक्यावर खडीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईचा अर्थ. जुन्या इंग्रजीत सफर म्हंजे 'चालू देणं, होऊ देणं' असंही होतं. हा दुसरा अर्थ मला जास्त खुपतो. आपल्याकडे लेकीला सासरी पाठवताना 'सोसून घे' म्हणतात, त्यातही हे दोन्ही अर्थ आहेत. वाहा, आणि चालू दे.

आता वेदना. आपण सगळे बौद्ध, विहारात वंदना म्हणणारे, पण हा शब्द पालीत काय आहे ते किती जण बघतात? पालीत वेदना म्हंजे कळ नव्हे. वेदना म्हंजे जाणीव, संवेदन. ती तीन प्रकारची सांगितली आहे: सुखाची, दुःखाची, आणि सुखही नाही दुःखही नाही अशी. कार्यकारणाच्या साखळीत ती स्पर्शानंतर येते. आधी स्पर्श, मग वेदना. ज्यांना हजारो वर्षं स्पर्शच नाकारला त्यांच्या साहित्याचा पहिला शब्द वेदना ठरला, ही गंमत की थट्टा ते तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच की मराठी कवितेनं या शब्दाच्या दोन खोल्या बंद करून एकातच संसार थाटलाय. सुखाची वेदना आपल्या कवितेत येतच नाही. पगाराच्या दिवशी बोंबील तळल्याचा वास येतो, ती कुठली वेदना? तीही लिहा की.

याहून मोठी गोष्ट बाबासाहेबांनी केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे पुस्तक १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर निघालं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न उभे केले, त्यातले पहिले दोन बघा. पहिला, सिद्धार्थानं म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडलं हे पटतं का? एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर मेलेला माणूस पाहिलाच नव्हता? दुसरा, जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, असं सगळंच दुःख असेल तर धम्म माणसाला आशा कसली देणार? मग पुस्तकात त्यांनी घर सोडण्याचं कारण दिलं शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेलं भांडण. जरा थांबून बघा काय झालं ते. म्हातारपण, आजार, मरण ही दुःखं कुणी देत नाही, ती होतात. पाण्याचं भांडण माणसं करतात. दुःख तेच राहिलं, पण 'होणं' जाऊन तिथं 'करणं' आलं. १९२७ ला चवदार तळ्यावर जाऊन आलेल्या माणसाला पाणी आणि दुःख यांचं नातं कुणी शिकवायला नको होतं. वाइंडिंगच्या मामांचा प्रश्न तो हाच. म्हणून म्हणतो, शब्दांची ही छाननी हा कॉलेजवाल्यांचा फावल्या वेळचा खेळ नाही.

बाबासाहेबांची सगळ्यात लांब झटापट झाली ती डिप्रेस्ड या शब्दाशी. सरकारी कागदात आपण होतो 'डिप्रेस्ड क्लासेस'. १९०६ साली मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांनी काढलेल्या संस्थेचं इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन आणि मराठी नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. नावं शेजारी ठेवून वाचा. इंग्रजीत दाबलेला, मराठीत आसरा नसलेला. दाबलेल्या माणसावर कुणाचा तरी पाय असतो. निराश्रिताच्या डोक्यावर फक्त छप्पर नसतं, आणि छप्पर द्यायला दयाळू लोक पुढे येतात. शिंद्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, त्या काळात त्या माणसानं जे केलं ते थोड्यांनी केलं. पण शब्द दयेचा होता. बाबासाहेबांनी १९२४ ला सभा काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी, १९२७ ला पत्र काढलं त्याचं नाव बहिष्कृत भारत. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा आपोआप दारात येऊन उभा राहतो. निराश्रित ते बहिष्कृत, अठरा वर्षांचा हा प्रवास कुठल्याही कवितेपेक्षा मोठा आहे.

इंग्रजीत मात्र डिप्रेस्ड चिकटून राहिला. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ ला, आंबेडकर आणि श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात नाव बदलण्याची मागणी आहे. हा शब्द हिणवणारा आहे, म्हणून प्रॉटेस्टंट हिंदू, नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू, नॉन-कास्ट हिंदू असं काहीतरी म्हणा. पुढच्या वर्षी मताधिकार समितीपुढच्या टिपणातही तेच: या शब्दानं समाज दीनवाणा, लाचार वाटतो. तिथं सुचवलेले शब्द बाहेरच्या जाती, वगळलेल्या जाती असे. एकीकडे मतांचा, राखीव जागांचा हिशेब चाललाय, आणि हा माणूस त्या गर्दीत एका विशेषणासाठी अडून बसलाय! आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, शब्दात काय आहे, काम करा. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९३५ च्या कायद्यानं शेड्यूल्ड आणलं. यादीतला. दाबलेला नाही, वगळलेला नाही, यादीतला. सगळ्यात थंड शब्द. रेशनकार्डासारखा. कामाचा आहे, पण त्याच्यावर कविता होत नाही. त्या थंडीवर १९७२ नंतर पँथरनं दलित हा शब्द तापवून ओतला. हा शब्द आधीचा, बाबासाहेबांच्याही वेळचा, पण अंगावर मिरवला तो पँथरनं. संस्कृतात दल् म्हंजे फोडणं, चिरडणं, आणि आपलं दळणं त्याच घरातलं. मोल्सवर्थच्या जुन्या कोशातही दळलेलं, फोडून तुकडे केलेलं असाच अर्थ आहे. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या त्या दळणातून हा शब्द आलाय. इंग्रजीत ट्रिब्युलेशन म्हणून एक शब्द आहे, संकट-क्लेश या अर्थाचा, बायबलात फार येतो. त्याचं मूळ लॅटिनमधलं मळणीचं अवजार. खळ्यावर कणसांवरून ओढायचा दातेरी फळा. म्हंजे तिकडे मळणी, इकडे दळण. दोन्हीकडे धान्याला विचारलेलं नाही, आणि दोन्हीकडे कुणाच्या तरी हातात दांडा आहे.

आणि डिप्रेस्डचं पुढं काय झालं? मनाच्या उदासीचा अर्थ त्या शब्दाला तेव्हाही होता, पण आज तोच उरलाय. आज पोरगं म्हणतं, भाई, डिप्रेशन आलंय. म्हंजे पूर्वी वरून दाब होता तो आता आतून आजार झाला. मी आजार खोटा म्हणत नाही. ज्याला झालाय त्यानं डॉक्टरकडे जावं, गोळी घ्यावी, लाज धरू नये. पण नोकरी गेल्यावर, खोलीचं डिपॉझिट बुडाल्यावर जे येतं त्याला फक्त डिप्रेशन म्हटलं की प्रकरण एका डोक्यात बंद होतं. त्याचा शब्द टेन्शन जास्त बरा. कुठल्याही वाइंडरला विचारा, टेन्शन काय असतं. मशीनवर धागा दोन चकत्यांमधून जातो, त्या चकत्या घट्ट केल्या की टेन्शन वाढतं आणि धागा तुटायला लागतो. धागे सारखे तुटले तर फिटर धाग्याला गोळी देत नाही. चकती बघतो. आपण दिवसातून वीस वेळा टेन्शन म्हणतो, पण मशीनवरचं ते कवितेत आणत नाही. कवितेत पुन्हा वेदनाच.

काळजीच्या शब्दांत इंग्रजीनं मला एक चांगला धक्का दिला. वरी म्हंजे मूळात गळा आवळणं. कुत्रं मेंढीचं नरडं धरून झिंजाडतं, त्यालाही तिकडे वरीच म्हणतात. अँग्झायटीच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही गुदमरणं, आवळणं. दोघी गळ्याच्याच, पण एकीत दात दुसऱ्याचे आहेत, दुसरीत आपण आपलेच गुदमरतो. महिनाअखेरीची ती वरी. रात्री तीनला जाग येऊन उगाच छाती धडधडते ती अँग्झायटी. आपल्याकडे पहिलीला विवंचना म्हणतात, हा शब्द बहुतेक वेळा पैशापाठोपाठ येतो. दुसरीला घोर. 'जिवाला घोर लागला' म्हणताना आई कारण सांगतेच असं नाही. आणि केअर म्हणून जो गोड शब्द आहे, टेक केअरवाला, त्याचा जुना अर्थ दुःख, शोक. आपल्या काळजीचंही तसंच. काळीज तिच्यात दिसतंच. 'काळजी वाटते' आणि 'काळजी घे', दोन्ही एकाच शब्दात. समानार्थीच्या यादीत हे कुठं मावणार?

डिस्ट्रेस वेगळा. तो ताणून धरण्याचा शब्द आहे, आणि इंग्रजांच्या कायद्यात त्याचा सरळ अर्थ होता जप्ती. भाडं थकलं की घरमालक भांडी-जनावरं उचलून नेणार, ती क्रिया म्हंजे डिस्ट्रेस. नंतर तो भांडी गेलेल्याच्या तोंडावरचा भाव झाला. जप्ती करणारा शब्दातून निघून गेला. आज पेपरात डिस्ट्रेस मायग्रेशन वाचतो तेव्हा मला ती उचललेली भांडी दिसतात.

कारण आपल्या या वस्त्या भरल्या त्यात बहात्तरच्या दुष्काळाचा हात आहे. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसं मुंबई-ठाण्याच्या बाजूला आली, कल्याणच्या पुढं जिथं जागा मिळाली तिथं टेकली. दुष्काळ, असं आपण म्हणतो. सरकारनं काय म्हणावं? १९६३ साली महाराष्ट्रानं एक कायदाच केला, राज्यातल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकण्याचा. कारण काय, तर सरकार पिकापाण्यावर लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसली की मदतीची कामं काढतं, म्हणून दुष्काळाला आता वावच राहिलेला नाही. शब्द काढला, तिथं स्केअर्सिटी, म्हंजे टंचाई आली. आणि नऊ वर्षांत बहात्तर आलं. शब्द नव्हता, दुष्काळ होता. लाखो लोक रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते, सुकडी खात होते. त्या कामांतूनच पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला हेही खरं, ते नाकारू नये. पण टंचाई आणि दुष्काळ यांत फरक आहे. टंचाई साखरेचीही असते, रॉकेलचीही असते. दुष्काळात माणूस गाव सोडतं. २०१५-१६ ला सरकारी कागदात आणखी एक कलाकुसर निघाली, 'दुष्काळसदृश परिस्थिती'. दुष्काळासारखं दिसणारं काहीतरी! आपल्या म्हाताऱ्यांनी मात्र एकदाही 'बहात्तरची टंचाई' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

उल्हासनगरचं नावही शब्दांच्या या खटल्यातलं साक्षीदार आहे. महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेले लोक ठेवले. कल्याण कॅम्प. १९४९ च्या ऑगस्टात गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं नवं गाव झालं आणि शेजारच्या नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. म्हंजे घरदार सोडून आलेल्यांच्या गावाला नाव आनंदाचं. आपण अजून कॅम्प एक ते पाच असंच म्हणतो, बरोबरच म्हणतो. मराठीत ते निर्वासित, कायद्याच्या इंग्रजीत डिस्प्लेस्ड पर्सन्स, जागेवरून हलवलेले. १९५४ ला त्यांच्या भरपाईचा, पुनर्वसनाचा कायदा झाला. झाला ते योग्यच. एका रात्रीत घर गेलेल्या माणसाचं दुःख आपण कमी लेखायचं कारण नाही, बराकीतल्या त्या म्हाताऱ्यांनीही खूप सोसलंय. मला फक्त शब्दांचं दिसतं ते सांगतो: डिस्प्लेस्ड म्हटलं की आधी एक जागा होती हे सरकारला मान्य असतं. म्हणून भरपाईचा हिशेब होऊ शकतो. सुभाष टेकडीवर जो माणूस आला त्याची आधीची जागा गावकुसाबाहेरची. तिथून निघालेल्याला निर्वासित कोण म्हणणार? तो नुसता 'आलेला'.

बाकीचे शब्द पटकन सांगतो. नुइसन्स या शब्दाचं मूळ इजा करणं, पण आता तो कुत्र्याच्या भुंकण्यालाही लागतो. कायद्यात उपद्रव. २०१४ साली वालधुनीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना, दवाखाने भरले. त्याला उपद्रव म्हणायचं? रेल्वेचा शब्द तुम्हाला पाठच आहे, गैरसोय. बदलापूर लोकलच्या दारात एका पायावर लोंबकळणाऱ्या माणसाची गैरसोय होत असते, आणि भोंग्यातल्या बाई दिलगीर असतात.

आपले खास शब्द मात्र ऐकण्यासारखे आहेत. हाल हा शब्द अरबी-फारशीतून आला, तिथं त्याचा अर्थ फक्त स्थिती. हिंदीवाला अजून हसत विचारतो, क्या हाल है? मराठीत येऊन तोच शब्द वाईट स्थितीचा झाला, इतका की हाल कुत्रं खात नाही. आमच्याकडे स्थिती म्हंजेच वाईट स्थिती, वेगळं विशेषण लावायला नको. यातायात घ्या. उत्तरेकडून आलेला सोबती यातायात म्हणतो तेव्हा त्याला रहदारी म्हणायची असते, आपण म्हणतो तेव्हा धडपड, वणवण. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी सातला दोन्ही अर्थ एकदम खरे होतात. आणि कष्ट. कष्ट म्हंजे दुःख, कष्ट म्हंजे श्रम, आणि म्हणून आपण कष्टकरी. इंग्रजीत लेबर हा शब्द असा आहे, श्रम आणि बाळंतपणाच्या कळा दोन्हीला चालणारा. कष्टकऱ्याला इंग्रजीत टॉयलर करतात तेव्हा श्रम जातात पलीकडे, कळ इकडेच राहते.

एक शब्द मात्र आपण हाकलायला हवा. भोग. 'माझे भोग आहेत', 'भोगतेय', 'भोगून संपवायचं'. हा शब्द देणाऱ्याला नुसता लपवत नाही, तो आरोप उलटा आपल्यावर आणतो. मागच्या जन्मी तूच केलंस म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे नागपुरात टाकून दिलं, ते हा शब्द मागच्या दारानं घरात आणतो. आपल्या नवबौद्ध कवींच्या कवितेत 'भोगलेलं आयुष्य' इतक्यांदा येतं की मला आता पान उलटायची भीती वाटते. सोसलेलं म्हणा. लादलेलं म्हणा. 'भोगलेलं' म्हणायला मनुस्मृतीवाला मोकळा आहे, त्याला म्हणू द्या.

आता आपली पुस्तकं इंग्रजीत जातात तेव्हा काय होतं ते. पेन हा सगळ्यात आळशी अनुवाद. पेन गुडघ्यालाही होतो. पण नावांच्या बाबतीत इंग्रजीनं कधी कधी आपल्यापेक्षा धारदार काम केलंय. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ चं. उचल्या म्हटलं की उचलणारा तो, चोर तो. इंग्रजीत पुस्तकाचं नाव झालं 'द ब्रँडेड'. डाग दिलेला. डागणी गरम कुणी केली? १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं. मराठी नाव शिवी अंगावर घेऊन उभं राहतं, आणि तीच त्याची ताकद आहे. इंग्रजी नाव शिवी देणाऱ्याकडे बोट दाखवतं. मला दोन्ही हवीत. (उल्हासनगरात ब्रँडेड म्हटलं की लोक जीन्सचं लेबल उलटून बघतात आणि यूएसए म्हंजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद करतात, तो भाग सोडा.) लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'ला इंग्रजीत उपराच ठेवलं, खाली 'आउटसायडर' जोडलं. हे सावध काम. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, इंग्रजीत २०१५ ला आलं, आणि जेरी पिंटोंनी नाव तसंच ठेवलं. शहाणपण केलं. वर्षभर राबायचं आणि वाट्याला येईल ते पदर पसरून घ्यायचं, या हक्काला आणि या अपमानाला मिळून इंग्रजीत एक शब्द नाहीच.

माझी खरी तक्रार बेबी कांबळ्यांच्या पुस्तकाबद्दल आहे. 'जिणं आमुचं', १९८६. इंग्रजीत २००८ ला माया पंडितांनी नेलं, नाव 'द प्रिझन्स वुई ब्रोक', आम्ही फोडलेले तुरुंग. काम मोठं आहे, त्यामुळे बेबीताई जगभर वाचल्या गेल्या. नावात 'आम्ही' टिकवलं, तेही महत्त्वाचं, कारण त्या पुस्तकात 'मी' फार कमी आहे, सगळी वस्ती बोलते. पण फोडलेले तुरुंग म्हटलं की गोष्ट शेवटापासून सुरू होते. विजय आधीच हातात. बेबीताईंचं पुस्तक असं चालत नाही. त्यात भूक आहे, बाळंतिणीचे हाल आहेत, सासुरवास आहे, अंगात येणं आहे, आणि आपल्याच पुरुषांनी आपल्याच बायकांचे केलेले हाल आहेत. 'केलेले' हा शब्द तिथं आपल्याही दारात येतो, आणि आपल्या कविसंमेलनात त्याच वेळी चहा येतो. हे सगळं मिळून जे होतं त्याला जिणं म्हणतात. लाइफ नव्हे, ते विमा कंपनीचं. एक्झिस्टन्स नव्हे, ते प्राध्यापकांचं. जगणं आणि जिणं यांत मराठीतच फरक आहे. जगणं कुणाचंही असतं, जिणं म्हटलं की मागं 'कसलं' ऐकू येतं.

नाव ठरवायचं माझ्या हातात असतं तर मी जिणं तसंच ठेवलं असतं, बलुतं ठेवलं तसं. इंग्रज वाचकाला कळलं नाही तर विचारेल कुणाला तरी. आपण नाही का हार्डशिप विचारत विचारत शिकलो.